तळातला मासा आजारी पडलाय? आधी तळ बघा, मग बाटली उघडा

कोरी, सकर, बोटिया, कुहली (शेवटचे दोन लोच जातीतले) असले टाकीच्या तळाशी राहणारे मासे ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यासाठी लिहितोय. वरच्या माशाला काही झालं की लगेच दिसतं, गोल्डफिश तिरका पोहायला लागला की घरातलं लहान पोरगं पण ओरडत येतं, पण हे खालचे गडी मुळातच लपून बसणारे, दिवसा झोपा काढणारे, त्यामुळे आपल्या लक्षात येईपर्यंत बऱ्यापैकी उशीर झालेला असतो. मग आपण पळत दुकानात जातो, तिथं एक निळी बाटली मिळते, एक पिवळी मिळते, दोन्ही टाका म्हणतात, आपण टाकतो आणि दोन दिवसात मासा जातो, मग म्हणायचं नशीब. नशीब वगैरे काही नसतं, खालच्या माशाचं दुखणं बहुतेक वेळा खालच्या घाणीत आणि पाण्यात असतं आणि औषधाचा नंबर त्यानंतर लागतो, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

आजारी आहे का नुसता पडलाय

कोरी तासन् तास एका जागी बसून राहतो, ते नॉर्मल आहे. मधेच सर्रकन वर जाऊन पाण्याबाहेर तोंड काढून परत खाली येतो, ते पण नॉर्मल, कारण तो हवा गिळून आतड्यातून ऑक्सिजन घेऊ शकतो, नवीन माणूस हे बघून उगाच घाबरतो. पण हेच दर मिनिटा-दोन मिनिटाला चाललं असेल तर मात्र पाण्यात ऑक्सिजन कमी आहे किंवा कल्ल्यांना काहीतरी झालंय असं समजायचं. बोटियाची तर कमालच, तो चक्क आडवा पडून झोपतो, मेला म्हणून जाळी टाकावी तर उठून पळतो. कुहली वाळूत घुसला की दिवसेंदिवस दिसत नाही, तो आजारी नसतो, त्याचा स्वभावच तसला.

मग आजारी कोणता? कोरी आडवा पडतोय आणि बोट काचेवर ठेवलं तरी हलत नाही, पंख अंगाला चिकटवून बसलाय, बाकीच्या कोरींपासून लांब कोपऱ्यात एकटाच आहे (हा कळपात राहणारा मासा आहे, एकटा बसला की काहीतरी बिनसलंय), खाणं समोर पडलं तरी मिश्या हलवत नाही, किंवा उलट वरच्या बाजूला फिल्टरच्या पाइपला टेकून लटकलाय. तळातला मासा तळ सोडून वरच राहायला लागला तर तळाला काहीतरी गडबड आहे, हे तो आपल्या परीनं सांगतोय.

बघायचं कधी, तर रात्री. टाकीचा लाइट बंद करून अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, मग मोबाइलचा टॉर्च थेट न मारता बाजूनं भिंतीवर मारा आणि त्या उजेडात बघा, सकर आणि लोच त्यावेळी बाहेर आलेले असतात. सकर काचेला चिकटला की त्याचं पोट आपोआप आपल्या समोर येतं, ही फुकटची तपासणी आहे, सोडू नका. पोट भरलेलं किंवा सपाट असेल तर ठीक, आत खपलेलं, खड्डा पडल्यागत दिसत असेल तर तो उपाशी आहे किंवा पोटात जंत आहेत, आणि डोळे पण आत गेले असतील तर प्रकरण जुनं आहे. कोरीच्या बाबतीत समोरून बघा, मिश्या पूर्ण आहेत का झिजून बुटक्या झाल्यात, आणि दोन्ही बाजूचे कल्ले सारखे हलतात का. एकच कल्ला हलतोय आणि दुसरा बंद ठेवलाय असं दिसलं तर कल्ल्यात कृमी असण्याची शक्यता मोठी. पोटाखाली लाल चट्टे आहेत का ते पण बघा, वरून ते दिसत नाहीत, तो काचेवर चढला की दिसतात.

पाणी तपासा, अंदाज नको

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच तपासायचं किट घ्या. थेंबवालं असेल तर बरं, पट्टीवालं पण काहीच नसण्यापेक्षा बरं. अमोनिया आणि नायट्राइट शून्य पाहिजेत, शून्य म्हणजे शून्य, थोडंसं चालतं असं नाही. नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या खाली ठेवा, २० च्या खाली असेल तर उत्तम.

आपल्याकडं सोलापुरात एक जास्तीची भानगड आहे ती समजून घ्या. अमोनिया किती विषारी आहे हे पीएच आणि तापमानावर ठरतं. पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला शंभरातला एक भाग पण विषारी रूपात नसतो, पण पीएच ८ आणि पाणी ३० डिग्री झालं की तोच सात-आठ भाग होतो. बोअरचं जड पाणी आणि एप्रिल-मेचा उन्हाळा म्हणजे नेमकं हेच, त्यामुळे पुण्याकडच्या माणसाच्या टाकीत जेवढ्या अमोनियानं काही झालं नाही तेवढ्यानंच आपल्याकडं कोरी आडवा होतो.

आता अमोनिया येतो कुठून. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, मग ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी सगळी कामं निघतात, चादरी धुवा, हौद भरा, आणि त्याच घाईत माशाची टाकी पण सगळी रिकामी करून खडीसकट घासून पुसून नळाच्या पाइपनं भरून टाकायची. फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा करायचा. टाकी अशी चकाचक झाली की दोन-तीन दिवसात मासे पडायला लागतात आणि लोक म्हणतात, काय बे, आत्ता तर सफाई केली होती. अरे, म्हणूनच तर! स्पंजमधे आणि खडीत जे चांगले बॅक्टेरिया असतात ते विष्ठेतून आणि कुजलेल्या खाण्यातून येणारा अमोनिया खातात, नळाच्या क्लोरीननं ते मेले, अमोनिया खाणारं कोणी उरलं नाही. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, दोनदा दाबायचा आणि परत लावायचा, काळपट राहिला तर राहू द्या.

पाणी बदलायचं तर एका वेळी २५ ते ३० टक्के, आठवड्याला. नळाचं पाणी वेगळ्या टबात किंवा ड्रममधे भरून त्यात एअर पंप सोडून २४ तास ठेवा किंवा अँटीक्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाका. पाणी साठवायची सवय आपल्याला आहेच, माशासाठी एक जास्तीचा ड्रम ठेवला की झालं. फक्त घरच्या हौदात डासांच्या अळ्यांसाठी औषध टाकलेलं असेल तर ते पाणी माशांना घेऊ नका. हौदात गप्पी सोडलेले असतील तर मात्र बिनधास्त घ्या, गप्पी जगतायत म्हणजे पाणी ठीक आहे. आणि आरओचं नुसतं पाणी पण घालू नका, त्यात क्षार जवळजवळ नसतातच, बोअरच्या पाण्यात सवयीनं राहिलेला मासा एकदम तसल्या पाण्यात टाकला तर त्याला धक्का बसतो, मिसळायचंच असेल तर थोडं थोडं करून.

तळ कसा तपासायचा

सायफन पाइप घ्या, तोंड खडीत खुपसा आणि पाणी बादलीत येऊ द्या. पहिल्या फटक्यात तपकिरी गाळ आला तर ते नेहमीचं. काळा गाळ आणि सडक्या अंड्याचा वास आला तर तिथं खाली हवा पोचत नाही, खाणं आणि विष्ठा कुजतेय, आणि आपला कोरी दिवसभर त्याच्यातच नाक घालून बसतो. मिश्या झिजतात त्या याच्यामुळं. दुकानातली रंगीत धारदार खडी हे कारण सगळे सांगतात, ते पण आहे, पण स्वच्छ खडीपेक्षा घाणेरडी वाळू जास्त वाईट. मिश्या झिजलेल्या कोरीला बाटलीतलं औषध द्यायची गरज नसते, तळ साफ ठेवला आणि बारीक वाळू दिली तर मिश्या परत वाढतात, अगदी मुळापासून गेल्या असतील तर मात्र पूर्ण येत नाहीत.

वाळू बांधकामाची चालते. चाळून बारीक घ्यायची, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायची आणि मूठभर वाटीत घेऊन त्यावर लिंबू पिळायचं, बुडबुडे आले तर त्यात चुनखडी आहे, आधीच जड असलेलं आपलं पाणी ती आणखी जड करेल, दुसरी बघा. थर दोन-तीन सेंटिमीटरच ठेवा, त्यापेक्षा जाड थरात खाली परत तेच कुजणं सुरू होतं. तळ साफ करताना एकाच दिवशी सगळा ढवळू नका, आज डावा अर्धा, पुढच्या आठवड्याला उजवा.

उन्हाळ्याचं वेगळं

पारा ४२-४३ ला गेला की घरातलं पाणी ३३-३४ होतं, आणि बाजारातले नेहमीचे कोरी २२ ते २६ डिग्रीतले मासे आहेत. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० डिग्रीला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात, आणि त्याच वेळी माशाला ऑक्सिजन जास्त लागतो. त्यातल्या त्यात तळाशी सगळ्यात कमी. म्हणून मे महिन्यात कोरी धापा टाकत असेल तर औषधाचं नावच काढू नका, आधी दुसरा एअर स्टोन लावा.

टाकी थंड करायला सगळ्यात सोपं म्हणजे वरचं झाकण काढून जाळी लावायची आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा टेबलफॅन मारायचा. आपल्याकडची हवा कोरडी असल्यामुळं पाणी भराभर उडतं आणि तापमान दोन ते चार डिग्री खाली येतं, कोकणातल्या माणसाला हे एवढं जमत नाही. पाणी रोज कमी होईल तेवढं साठवलेलं पाणी घालत राहायचं, फक्त उडतं ते नुसतं पाणी आणि क्षार मागे राहतात, म्हणून महिनाभर नुसतं भरत बसू नका, मधे मधे थोडं काढून पण टाका. बर्फाची बाटली सोडणं टाळा, तास-दोन तासात चार डिग्री खाली आणि परत चार वर, या वरखालीनं मासा जास्त आजारी पडतो. लाइट जाते त्या काळासाठी बॅटरीवरचा एअर पंप ठेवा, महाग नसतो.

अजून एक. पावसाळ्यात गल्लीत डासांची धूरफवारणी येते, तेव्हा खिडक्या लावा, टाकी झाकून घ्या आणि धूर विरेपर्यंत एअर पंप बंद ठेवा, कारण पंप खोलीतली हवाच ओढून पाण्यात सोडतो. डासांच्या कॉइलमधली आणि स्प्रेमधली औषधं माशांना फार विषारी असतात. टाकीच्या खोलीत कॉइल लावून रात्री झोपायचं आणि सकाळी सगळेच मासे एकदम आडवे का झाले म्हणून औषध शोधत फिरायचं, असं बऱ्याच घरात होतं. सगळेच मासे एकाच वेळी, हीच खूण आहे, रोग असा एका रात्रीत सगळ्यांना धरत नाही, ते पाणी किंवा विष असतं.

आजाऱ्याला वेगळं काढणं

२० ते ३० लिटरचा साधा प्लॅस्टिकचा टब पुरतो, फक्त साबण-फिनेलला कधी वापरलेला नसावा. खाली काही टाकायचं नाही, तळ मोकळा, म्हणजे विष्ठा कशी आहे, किती आहे ते दिसतं. लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा टाका, याला टाळू नका, लपायला नसलं की हे मासे नुसत्या टेन्शननं खंगतात. स्पंज फिल्टर मोठ्या टाकीत आधीच चालू असलेला उचलून लावा. टबात भरायचं पाणी पण टाकीतलंच घ्या, म्हणजे अंगाला धक्का बसत नाही. रोज टबातलं २५ ते ५० टक्के पाणी बदला, तापमान जुळवून.

पकडायला जाळी वापरू नका. कोरीच्या पाठीवर आणि बाजूच्या पंखांना काटे असतात, ते घाबरला की ताठ होऊन जाळीत अडकतात, ओढाओढीत मासा जखमी होतो. प्लॅस्टिकच्या बरणीनं किंवा मोठ्या वाटीनं हळूच कोपऱ्यात घेऊन उचला. जाळीत अडकलाच तर जाळी कात्रीनं कापा, जाळी स्वस्त आहे. काटा हाताला लागला तर चांगलं झोंबतं, गरम पाण्यात हात धरला की उतरतं. आणि घाबरलेला कोरी अंगातून विष सोडतो, त्यानं तो स्वतः पण मरतो, म्हणून दुकानातून आणताना एका पिशवीत ढीगभर कोरी भरून आणू नका, पिशवीत पांढरा फेस झालेला दिसला तर लगेच पाणी बदलून द्या.

पहिले एक-दोन दिवस खाणं बंद. आजारी मासा खात नाही, टाकलेलं कुजतं, परत अमोनिया.

आता रोग ओळखू

अंगावर रव्याचे दाणे शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके, मासा दगडाला अंग घासतोय, तर व्हाइट स्पॉट. आपल्याकडं हा गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) आसपास जास्त दिसतो, दिवसा ऊन आणि रात्री गारठा, टाकीत हीटर नाही. याचा परजीवी माशाच्या कातडीखाली असताना कुठलंही औषध त्याला लागत नाही, तो गळून तळात पडतो, तिथं फुटून त्याची शेकडो पिल्लं पोहत बाहेर येतात, तेवढ्या वेळातच ती मरतात. त्यामुळे ठिपके गेले म्हणून तिसऱ्या दिवशी औषध थांबवायचं नाही, ठिपका शेवटचा दिसल्यापासून आणखी आठवडाभर चालू ठेवायचं, आणि उपचार मोठ्या टाकीलाच करायचा कारण पिल्लं तिथल्या तळात आहेत, रोज सायफन मारला तर ती पण बरीच निघून जातात. पाणी हळूहळू, दिवसाला एक-दोन डिग्रीनं वाढवून २८ च्या आसपास नेलं की त्याचं चक्र लवकर फिरतं, जास्तीचा एअर स्टोन लावूनच. ३० च्या वर कोरीला नेऊ नका.

तोंडावर, पाठीवर पांढरट राखाडी चट्टा, कडा लालसर किंवा पिवळट, आणि मासा झपाट्यानं खालावतोय, तर तो कॉलमनॅरिस, हा बॅक्टेरिया आहे. दिसायला बुरशीसारखा म्हणून लोक बुरशीचं औषध टाकत बसतात आणि तोवर दोन दिवसात खेळ संपतो. खरी बुरशी म्हणजे जखमेवर उगवलेले मोकळे, हलणारे पांढरे धागे, ती सावकाश वाढते आणि टबात मिठानं किंवा मिथिलिन ब्लूनं जाते. कॉलमनॅरिसला उलट पाणी थंड करायचं, गरम पाण्यात तो पळत सुटतो, म्हणजे व्हाइट स्पॉट समजून तापमान वाढवलं तर आपणच त्याला मदत करतो. म्हणून या दोघांमधला फरक नीट ओळखा, ठिपका वेगळा आणि चट्टा वेगळा.

पोटाखाली लाल चट्टे, पंखांच्या मुळाशी रक्त उतरलेलं, हे रक्तात बॅक्टेरिया गेल्याचं लक्षण. नवीन आणलेल्या कोरीला होतं, प्रवास, उपवास, घाण पाणी सगळं एकत्र आलेलं असतं. सुरुवातीला दिसलं तर रोज स्वच्छ पाणी बदलून पण बरा होतो, पसरत असेल तर अँटिबायोटिक लागतं.

पोट टम्म फुगलं आणि डोळे बाहेर आलेत तर जलोदर. बाकीच्या माशात खवले उभे राहतात तसे कोरी आणि सकरमधे दिसणार नाहीत, कारण त्यांच्या अंगावर खवले नसून हाडाच्या पट्ट्या असतात, खवले बघत बसाल तर फसाल. मादी अंड्यावर आली की पण जाडी होते, पण ती खाते, पळते, डोळे नीट असतात.

खातो चांगलं तरी वाळत चाललाय, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी, तर जंत किंवा आतड्यातले परजीवी. लोच जातीत हे फारच, कारण त्यातले बरेच मासे नदीतून पकडून आणलेले असतात. आपला पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा लोच तर पश्चिम घाटातलाच आहे, जंगली पकडीमुळं पण संकटात आलेला मासा, एक घेतलात तर त्याला नीट जगवा एवढंच म्हणणं.

आणि सकर. याला कुठलाही रोग नसतो तरी तो मरतो, कारण दुकानात सांगतात की हा घाण खातो, याला वेगळं खायला घालायला लागत नाही. विष्ठा खाऊन सकर जगत नाही हो. सकर शेवाळ खातो, ते संपलं की उपाशी मरतो, महिनोन् महिने हळूहळू. रात्री लाइट बंद केल्यावर काकडी, दोडका किंवा दुधीची चकती उकळत्या पाण्यातून काढून गार करून काटेचमच्याला टोचून खाली सोडा, सकाळी उरलेलं काढा. बुडणाऱ्या गोळ्या पण द्या. पोट खपलेला सकर आधी दोन आठवडे असा खाऊ घालून बघा, पोट भरलं तर रोग नव्हताच, तरी नाही भरलं तर मग जंताचं औषध.

औषध देताना

आधी टाकीत खरं पाणी किती ते मोजा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमधे मोजून गुणा, १००० नं भागा, लिटर आले. दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट टाकी कागदावर ५६ लिटरची, पण वर सोडलेली जागा, खडी, दगड जाऊन आत ४५ च्या आसपासच पाणी असतं. ५६ चा डोस ४५ ला म्हणजे सरळ पावपट जास्त, आणि हे मासे जास्तीचं सहन करत नाहीत. लोचला खवले नसल्यातच जमा, कोरीला पट्ट्या, त्यामुळे मॅलॅकाइट ग्रीन, फॉर्मॅलिन आणि कॉपर असलेली औषधं अर्ध्या डोसनं सुरू करा, कॉपर तर लोचला टाळलेलंच बरं, टाकीत गोगलगायी किंवा झिंगे असतील तर ते पण मरतील. फिल्टरमधे कोळसा असेल तर काढा, तो औषध शोषून घेतो. दोन औषधं एकत्र नाही, दुकानदार काही म्हणू दे. औषध चालू असताना एअर स्टोन कायम चालू.

मीठ साधं खडे मीठ घ्या, पण बेतानं. टबात लिटरमागे १ ग्रॅम, म्हणजे २० लिटरला २० ग्रॅम, चमचा वाटी न करता स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर मोजा. पाण्यात विरघळवून तीन वेळा करून दिवसभरात घाला, खडे थेट टाकले तर ते तळात जातात आणि तिथंच आपला मासा बसलेला असतो. नायट्राइटच्या विषबाधेत मीठ खरंच कामाला येतं, मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत जाऊ देत नाही. झाडं असलेल्या मोठ्या टाकीत मीठ घालू नका.

जंतासाठी लेव्हामिसोल, हे जनावरांच्या औषधाच्या दुकानात मिळतं, शेळ्यामेंढ्यांना देतात तेच. शुद्ध औषध लिटरमागे २ मिलिग्रॅम, २४ तास, मग निम्म्याहून जास्त पाणी बदला आणि तळ सायफन करा, कारण लुळे पडलेले जंत खाली पडलेले असतात आणि कोरी ते परत खाईल. उजेडात हे औषध खराब होतं म्हणून टब झाकून ठेवा, जुनी चादर टाका वरून, सोलापुरात चादर नाही असं घर दाखवा. दोन-तीन आठवड्यानं परत एकदा द्या. कल्ल्यातल्या कृमीला आणि पट्टकृमीला मात्र हे चालत नाही, त्याला प्राझिक्वांटेल लागतं. पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा आणि खाणं बंद असेल तर मेट्रोनिडाझोल, ४० लिटरला साधारण २५० मिलिग्रॅम, एक दिवसाआड, आधी पाणी बदलून.

अँटिबायोटिक मनानं टाकू नका, पशुवैद्यकीय डॉक्टरना विचारा, गाईम्हशी बघणारे असले तरी औषधाचं गणित त्यांना कळतं, फोटो आणि टाकीचे लिटर घेऊन जा. त्यांनी ऑक्सिटेट्रासायक्लिन सांगितलं तर आपलं पाणी किती जड आहे ते आवर्जून सांगा, कारण कॅल्शियम-मॅग्नेशियम त्या औषधाला पकडून ठेवतं आणि जड पाण्यात ओतलेलं अर्धं फुकट जातं, मासा खात असेल तर खाण्यातून देणं जास्त बरं.

औषध टाकल्यावर लगेच गुण येत नाही, दोन-तीन दिवस थांबा, रोज अमोनिया तपासा, मधेच दुसरी बाटली उघडू नका. उलट औषध टाकल्याबरोबर मासा तडफडायला लागला, रंग उडाला, तर लगेच अर्धं पाणी बदला.

हात घालताना काळजी

वाळलेला, पाठ वाकडी झालेला, अंगावर न भरणारी जखम असलेला मासा बघितला तर माशांच्या टीबीचा संशय धरा. याचे जंतू माणसाच्या कातडीवरच्या जखमेतून आत जाऊन गाठी आणतात, तेव्हा हाताला खरचटलं असेल तर ग्लोव्हज घाला, सायफन तोंडानं ओढू नका, नंतर साबणानं हात धुवा. या रोगाला घरी उपचार नाही.

मासा बरा होणारच नाही असं दिसलं, नुसता तडफडतोय, तर लवंगाचं तेल वापरा. वेगळ्या भांड्यात टाकीतलंच १ लिटर पाणी घ्या, छोट्या बाटलीत थोड्या कोमट पाण्यात तेलाचे दहा-बारा थेंब टाकून पांढरं होईपर्यंत हलवा आणि ते त्या भांड्यात ओता, मासा आधी झोपतो, मग कल्ले थांबतात. कल्ले थांबल्यावर पण अर्धा तास तसाच ठेवा. मेलेला मासा कुंडीत किंवा मातीत खोल पुरा. आजारी असो नाहीतर मोठा होऊन टाकीत मावेना झालेला सकर असो, सिद्धेश्वर तलावात, कंबर तलावात किंवा नदीला सोडायचा नाही. हे सकर उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात यायला लागलेत, काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. दुकानदाराला परत द्या, काही जण घेतात, आणि मुळात घेतानाच विचार करा, तो फूटभराच्या वर जातो.

बरा झालेला मासा लगेच मोठ्या टाकीत टाकू नका, लक्षणं गेल्यावर आठवडाभर टबातच ठेवा, रोज खातोय का बघा. मग टबातलं पाणी निम्मं काढून तासाभरात थोडं थोडं करून मोठ्या टाकीचं पाणी त्यात घाला आणि संध्याकाळी लाइट बंद करून बरणीनंच सोडा. टब, पाइपचा तुकडा, सायफन सगळं उन्हात कडकडीत वाळवा, आपल्याकडचं ऊन त्या कामाला भारी आहे, आणि टबाच्या वस्तू मोठ्या टाकीला वापरायच्या नाहीत. नवीन मासा आणाल तेव्हा तोच टब परत काढायचा, निदान तीन आठवडे.